तिकटीवरच्या पुरचुंड्या

माणदेशाच्या कडेला तांबखडी नावाचे गाव आहे. त्या साली ओसरीबुवा महाराजांचा मुक्काम तिथे होता. मुक्काम म्हणायचा एवढेच. महाराजांनी उभ्या आयुष्यात मठ बांधला नाही की डोक्यावर स्वतःचे छप्पर घेतले नाही. आज या घराच्या ओसरीवर, उद्या त्या घराच्या. घरधन्याने आत बोलावले तर म्हणत, "आत तुम्ही राहा, मी दार राखतो." म्हणून लोक त्यांना ओसरीबुवा म्हणू लागले. खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते.

दोन पावसाळे कोरडे गेले होते. गुरे लोकांनी आधीच घाटाखाली पाठवली होती. ज्यांना जाता आले ते गाव सोडून गेले, आणि जे उरले ते हरबाशेटच्या अन्नछत्रावर जगत होते.

हरबाशेट धान्याचे मोठे व्यापारी. त्यांनी आपल्या वखारीपुढे मांडव घातला, चुलाण खणले, त्यावर हंडा चढवला आणि रोज दुपारी शंभर-दीडशे पाने उठू लागली. खोटे कशाला बोला, त्या अन्नाने गाव तगले. स्वतः महाराज एकदा पंगतीच्या शेवटाला बसून जेवून गेले. शेटने त्यांच्यासाठी पुढे पाट मांडला होता, त्यावर ते बसले नाहीत, याचा शेटला थोडा राग आला, ते असो.

पण शेटच्या दानाला आवाज फार. जेवणाची वेळ झाली की घंटा होई. मांडवाच्या तोंडाशी शेटचे नाव कोरलेला दगड होता. पंगत बसली की कारभारी एकेकाचे नाव मोठ्याने पुकारी, आणि त्या माणसाने हात जोडून "शेटची पुण्याई" असे म्हणायचे, मग पानात वाढ पडे. अन्न घरी न्यायला मनाई होती. म्हातारा असो, आजारी असो, पंगतीत यायचे, नाव ऐकायचे, म्हणायचे ते म्हणायचे. पोटापुढे माणूस काय करणार? बहुतेकांनी केले. पण गावात सात घरे अशी होती, की ज्यांच्याने हे झाले नाही. दुपारची घंटा ऐकली की ही घरे दार लावून घेत. आपली चूल पेटत नाही हे शेजाऱ्याला दिसू नये, एवढ्यासाठी.

त्यातले एक घर साळूबाई शिंपिणीचे. नवरा वारलेला. गावातल्या निम्म्या लेकींच्या लग्नातल्या चोळ्या तिच्या हातच्या. पदरी सात वर्षांची तानी नावाची मुलगी.

साळूबाईच्या आळीतच राऊ सनगर राहत असे. घोंगड्या विणायचा त्याचा धंदा. बायको येसाबाई लोकर कातून देई, हा विणी. मागच्या मार्गशीर्षात येसाबाई तापाने गेली. मूलबाळ नव्हते. घरात दोन माणसांचा आवाज असतो, तो एकाचा झाला की माणूस भांडी मुद्दाम जोराने ठेवू लागतो. राऊ तसे करी.

येसाबाईची एक रीत होती. जात्यावर बसली की पहिली मूठ जात्यात घालायच्या आधी एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. दारी कोणी आले की त्या मडक्यातून द्यायचे. ती गेल्यावर राऊला स्वतः दळावे लागले. तोही पहिली मूठ मडक्यात टाकू लागला. का टाकतो हे त्याने स्वतःला विचारले नाही. ती टाकत होती, म्हणून.

पुरुषाने जात्यावर बसणे म्हणजे गावाला हसायला विषयच. एकदा शेट आळीतून चालले होते, सोबत चार माणसे. जात्याची घरघर ऐकून ते दारात थांबले आणि म्हणाले, "काय राऊबाई, ओव्या बी येत्यात का?" सगळे हसले. राऊनेही हसल्यासारखे केले. मग शेट म्हणाले, "दुपारचं मांडवात येत जा की. का तुझा बुवा जेवाय घालतो? त्याला सोताची ओसरी न्हाई, त्यो तुला काय देणार?" ते गेल्यावर राऊने दार लोटून घेतले आणि उरलेले दळण दळले.

दाराशी मागायला येणारे आता अन्नछत्रात जात. येसाबाईचे मडके भरून गेले. तेव्हा राऊ महाराजांकडे गेला. ते त्या दिवशी गुरवाच्या ओसरीवर होते. राऊने पाय धरले आणि म्हणाला, "महाराज, तिची मूठ मडक्यात पडून हाय. कुणाला देऊ?"

महाराज म्हणाले, "ज्याचे दार दुपारी लागते त्याला दे. आणि हात दिसू देऊ नकोस, राऊ. हात दिसला की घेणाऱ्याची मान खाली जाते."

राऊने तेवढे शब्द गाठीशी बांधले आणि घरी आला.

घोंगड्यांच्या बदल्यात आलेले जोंधळ्याचे एक पोते त्याच्याकडे होते. स्वतः एक वेळ जेवायचे, आणि मुठीच्या जागी ओंजळ काढायची, असे त्याने ठरवले. एका घराला एक ओंजळ, एक दिवसाआड. भरडून पेज केली तर दोन जिवांचा एक दिवस निघतो. पण द्यायचे कशात? भांडे ठेवले तर भांडे ओळखू येते. उघडे ठेवले तर कोंबड्या खातात. घरात फडके म्हणून नव्हते, जे होते त्याचे पोतेरे झालेले. राहिली होती येसाबाईची चंद्रकळा. काळी, तांबड्या काठाची. संक्रांतीला तेवढी नेसायची आणि पुन्हा घडी करून गाडग्यांच्या उतरंडीमागे ठेवायची. घरातले सगळ्यात चांगले कापड तेच. राऊने ती घडी दोन दिवस नुसती मांडीवर घेतली. तिसऱ्या दिवशी काठ काढून ठेवला आणि उरलेली फाडली.

सात चौकोनी तुकडे, सात ओंजळी, सात पुरचुंड्या. वर गाठ मारली ती त्याच्या हाताला येणारी, विणकराची. माग चालू असताना धागा तुटला की जी मारतात ती. ही गाठ ओढली की आणखी आवळते. उलट बाजूने बोटाने ढकलली तरच सुटते. ज्याला ठाऊक नाही त्याला सुटत नाही.

दुपारची घंटा झाली. आळी रिकामी झाली. राऊ घोंगडीच्या आड पुरचुंड्या घेऊन निघाला. एकेका बंद दाराच्या उंबऱ्यावर एकेक ठेवली आणि मागे न बघता परत आला. जणू काही चोरून आणले होते, असे त्याला वाटत होते. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी त्याला जेवण नीट गेले.

आता पुढचे ऐका. राऊच्या मनात पाप नव्हते, पण दुष्काळाचे दिवस आहेत, बाई उपाशी आहे, दार उघडते, आणि उंबऱ्यावर काळ्या फडक्यात बांधलेले धान्य. आणि गाठ ओढावी तर आवळत जाते. तुम्ही आम्ही असतो तर काय समजलो असतो? साळूबाईने पुरचुंडी केरसुणीने सुपात ढकलली, पदर तोंडावर घेतला आणि ओढ्यापलीकडच्या तीन वाटांच्या तिकटीवर नेऊन टाकली. बाकीच्या सहा घरांनीही तेच केले. एकाने दुसऱ्याला सांगितले नाही, कारण उंबऱ्यावर करणी आली हे कोण सांगणार? एक दिवसाआड नवी पुरचुंडी येई आणि एक दिवसाआड तिकटीवर जाई. पाच वेळा असे झाले.

राऊला वाटत होते, सात घरी पेज शिजते आहे. तानी दारात बसलेली दिसे. तिचे हात काटक्यांसारखे दिसत, पण तो मनाला म्हणे, आधीचे भरून यायला वेळ लागतो.

सहाव्या खेपेच्या आदल्या दिवशी जवळचा झरा आटला आणि राऊला पाण्यासाठी ओढ्यापलीकडे जावे लागले. तिकटीपाशी त्याला काळे काहीतरी दिसले. जवळ गेला. पस्तीसच्या पस्तीस. एकही गाठ सुटलेली नव्हती. भोवती कोणी दगडांचे कडे केले होते आणि मध्ये एक तुटकी केरसुणी टाकली होती.

राऊच्या हातातली घागर खाली आली. मागून दोन बाया पाण्याला येत होत्या. त्यातली एक दुरूनच म्हणाली, "राऊदादा, तिकडनं नगा जाऊ. करणीचं हाय. धा दिस झालं, मुंगीबी शिवंना त्याला."

मग त्यांनीच सगळे सांगितले. सात घरांची गोष्ट फुटली होती. हरबाशेटने सकाळीच दवंडी दिली होती, की हे करणारा सापडला तर तोंडाला काळे फासून शिवेबाहेर काढायचा. आणि शिंपिणीच्या तानीने कालपासून डोळे उघडले नव्हते. शेजारच्या गावातून देवऋषी आणला होता. त्याने सांगितले होते, की उद्या दिवस मावळता पुरचुंड्या जाळायच्या, उतारा करायचा, आणि तोवर पोरीच्या तोंडात पाण्यावाचून काही घालायचे नाही.

राऊ घरी आला. कडोसरीला चंद्रकळेचे उद्यासाठी फाडलेले तुकडे होते. ते त्याने उतरंडीमागे कोंबले, पुन्हा काढले, जात्याखाली ठेवले, पुन्हा काढले. शेवटी कमरेलाच बांधले. सांगावे तर गाव ठेचून काढील. न सांगावे तर त्या पोरीचे काय? आणि महाराजांनी सांगितलेले, हात दिसू देऊ नकोस. सांगितले तर तेही मोडते. त्याला वाटले, महाराजांनाच विचारावे. ते वरच्या वस्तीवर गेल्याचे कळले होते. राऊ तसाच निघाला, दोन कोस चालला. वस्तीवरच्या म्हातारीने सांगितले, "आत्ताच उठलं आन् गेलं. कुठं ते सांगून जात्यात व्हय कधी?" दुसऱ्या वस्तीवर गेला, तिथेही नव्हते. परत आला तेव्हा दिवस बुडाला होता.

दुसरे दिवशी सकाळी तो मागावर बसला. कामात लक्ष लागेना. धागा तुटे, तो गाठ मारी, आणि गाठीकडे बघत बसे. पलीकडे साळूबाईच्या घरातून काही आवाज येतो का म्हणून कान देई. आवाज येत नव्हता. रडण्याचासुद्धा नाही, हे त्याला जास्त वाईट वाटे.

दुपारची घंटा झाली. आणि आजवर न घडलेली गोष्ट घडली. साळूबाईचे दार उघडले. तिने तानीला खांद्यावर टाकले होते, पोरीचे पाय नुसते लोंबत होते. देवऋषीचे सांगणे तिने बाजूला ठेवले होते आणि स्वतःचा मानही. ती सरळ मांडवाकडे चालली. राऊ तिच्यामागून वीस पावले सोडून गेला.

मांडवात पंगत बसलेली होती. पाने मांडलेली, पण वाढ नव्हती. चुलाण पेटलेले, हंड्यावर झाकण. साळूबाई दगडापाशी आली आणि हात जोडून म्हणाली, "शेट, माझं नाव पुकारा. म्हणायचं ते म्हणते. ह्या पोरीला घोटभर वाढा."

पंगतीत गडबड झाली. करणी झालेली पोर आपल्या ओळीत नको, म्हणून दोघे-चौघे पानावरून उठलेसुद्धा. शेट लगबगीने पुढे आले. त्यांचा चेहरा त्या दिवशी काही वेगळाच दिसत होता, पण कोणाचे लक्ष नव्हते. ते म्हणाले, "साळूबाई, आदी उतारा हुंदे. मग ये. एकीसाठी दीडशे माणसं उठवू का मी?" आणि पंगतीकडे वळून मोठ्याने म्हणाले, की या करणीचा निकाल लागल्याशिवाय आज पान वाढले जाणार नाही, गावावर संकट आहे, सगळ्यांनी आधी तिकटीवर चला.

राऊने हे ऐकले. आपण पेज दिली असे तो समजत होता. त्याने दिले काय, तर पोरीला गावात एकच दार उघडे होते, तेही लावून टाकले. आता साळूबाई वळली होती. परत घरी जाणार, दार लावून घेणार, आणि ते दार पुन्हा कशासाठी उघडेल हे त्याला दिसत होते. येसाबाईला बाहेर काढले तेव्हाचे स्वतःचे दार त्याला आठवले.

तो पुढे झाला आणि म्हणाला, "करणी न्हाई ती. जोंधळं हायती. मी ठेवलं."

मांडवात एकदम सगळे बोलू लागले. कोणी म्हणाले, म्हणूनच हा जात्यावर बसतो. कोणी म्हणाले, बायको खाल्ली, आता शेजाऱ्यांच्या लेकरांवर आला. एकाने दगड उचलला. राऊने कमरेचे तुकडे काढून दाखवले आणि सांगू लागला, की ही तिची चंद्रकळा आहे, संक्रांतीची, दुसरे कापड नव्हते. पण काळे फडके बघून लोक आणखीच मागे सरले. साळूबाई नुसती त्याच्याकडे बघत राहिली. दहा वर्षे ती ज्याला राऊदादा म्हणत आली, तोच हा माणूस होता.

शेट म्हणाले, "जोंधळंच हायती तर आणू. सगळ्यांदेखत गाठी सोड आन् खा."

काठ्यांच्या टोकाने पुरचुंड्या टोपल्यात भरून आणल्या आणि राऊपुढे ओतल्या. कोणी तरी म्हणाले, "बघा, धा दिस उघड्यावर. या दुष्काळात मुंगी जोंधळा सोडती व्हय? चिमणी सोडती? हे अन्न न्हाईच."

राऊने खाली पाहिले. खरेच, एकाही फडक्याला भोक नव्हते. मुंगीचा माग नव्हता, चोचीची खूण नव्हती. आणि मग त्यालाच भीती वाटली. लोकांची नव्हे, स्वतःच्या हाताची. ओंजळी भरताना आपण रडत होतो. दुःखाचा हात या धान्याला लागला. येसाबाईने दिले असते तर लोकांनी घेतले असते. मुंगीसुद्धा शिवत नाही असे आपल्या हातात काय आले आहे? त्याने एक पुरचुंडी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

तेवढ्यात मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "अरे, जपून ठेवलेले दिसते."

महाराज होते. कधी आले, कुठून आले, कोणी पाहिले नाही. पंगतीच्या शेवटच्या रिकाम्या पानावर बसले होते. ते उठले, पुरचुंड्यांपाशी येऊन खाली बसले आणि एक हातात घेऊन कानाजवळ हलवून पाहिली.

शेट म्हणाले, "महाराज, लांब ऱ्हावा. मुंगीनंसुदिक सोडलंय."

महाराज म्हणाले, "सोडले नाही शेट, राखले. तांबखडीच्या मुंग्यांना ठाऊक होते हे कोणाचे आहे. माणसांना कळायला दहा दिवस लागले." मग राऊकडे वळून म्हणाले, "गाठ सोड."

राऊने बोटाने उलट बाजूने ढकलली. गाठ सुटली. फडक्यावर जोंधळे पडले, मोत्यासारखे पांढरे. भाद्रपदातल्या उन्हात दहा दिवस पडलेल्या दाण्यांना कीड नव्हती, वास नव्हता.

राऊ रडू लागला. म्हणाला, "महाराज, तुमी सांगितल्यावाणी केलं. हात दिसू दिला न्हाई."

महाराज म्हणाले, "हात दिसू देऊ नकोस म्हणालो होतो. तोंड उघडू नकोस म्हणालो नव्हतो. पण ती उणीव तुझी नाही, राऊ. मी अर्धेच सांगितले. देणाऱ्याने आपले नाव झाकावे, देणे झाकू नये. खायचे आहे एवढे तरी भुकेल्याला कळायला हवे." आणि सगळ्यांदेखत महाराजांनी साळूबाईला हात जोडले. म्हणाले, "माई, चूक माझी आहे. पोरीला इथे निजव."

मग त्यांनी विचारले, जाते कुठे आहे. वखारीच्या पडवीत होते. महाराज एका बाजूला बसले, राऊ दुसऱ्या बाजूला. दोघांनी खुंटा धरला आणि पस्तीस ओंजळी जोंधळे भरडून काढले. ओव्या दोघांनाही येत नव्हत्या. महाराज नाम घेत होते, राऊ त्यांच्यामागून म्हणत होता. हसायची कोणाची छाती झाली नाही.

कण्या सुपात भरून महाराज उठले आणि हंड्याकडे निघाले. तेव्हा हरबाशेट आडवे आले. म्हणाले, "त्यात नगा घालू महाराज. दुसरं भांडं देतो."

महाराज हळूच म्हणाले, "का शेट? हंड्यात काय आहे?"

महाराजांनी झाकण काढले. वाफ वर गेली. आत नुसते पाणी उकळत होते.

पंगतीतले लोक उभे राहिले. शेट तिथेच चुलाणापाशी बसले. मग त्यांनी जे सांगितले ते असे. धान्याच्या गाड्या घाटात अडकून आठ दिवस झाले होते. वखार रिकामी झाली, मग घरातली कणगी रिकामी केली, कालची रात्र घरच्यांनी कढण पिऊन काढली. आज हंड्यात घालायला काही नव्हते. तरी घंटा वाजवली, चुलाण पेटवले, पाणी ठेवले, कारण नाही म्हणायचे कसे ते त्यांना येत नव्हते. साळूबाई मांडवाशी आली तेव्हा त्यांना वाटले, बरे झाले, करणीच्या नावावर आजची पंगत उठवता येईल.

शेट म्हणाले, "मी रोज दीडशे जणांकडनं माझं नाव घेववलं. आज कुणाच्या दारात जाऊन मागू? हात पसरायचा म्हटलं की जीव जातोय, महाराज."

महाराज म्हणाले, "तो रोज दीडशे जणांचा जात होता."

एवढेच बोलले. मग कण्या हंड्यात सोडल्या. पस्तीस ओंजळी म्हणजे तेवढ्या पाण्यात दिसेनाशाच झाल्या. महाराजांनी झाकण ठेवले, हात वर ठेवून डोळे मिटले. राऊ तानीपाशी बसला होता. पोरीच्या छातीवर हात ठेवून तो श्वास मोजत होता. एक वर आला की दुसरा येतो की नाही याची वाट बघायची. येसाबाईपाशी बसून त्याने असेच केले होते, आणि एक आला नव्हता.

झाकण निघाले तेव्हा पेज घट्ट झाली होती. पहिली पळी द्रोणात पडली, ती साळूबाईने फुंकून गार केली आणि बोटाने तानीच्या ओठांना लावली. काही झाले नाही. पुन्हा लावली. खालच्या ओठावरून पेज ओघळली. तिसऱ्या वेळेस गळ्याची घाटी हलली. साळूबाईने राऊकडे पाहिले, आणि राऊने मान हलवली, घाल म्हणून. चार घोट गेल्यावर तानीने डोळे उघडले आणि आईचा हात द्रोणासकट तोंडाकडे ओढला.

केवढी ती कृपा! त्या दिवशी दीडशे पाने उठली. सहा घरांची दारे महाराजांनी स्वतः जाऊन वाजवली, ती माणसेही आली. जो पळी घाली त्याला तळाशी पेज लागे. नाव कोणाचे पुकारले गेले नाही. वाढणारा फक्त "घ्या, जोंधळ्याची आहे" एवढे म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटातल्या गाड्या शिवेवर आल्या, तोवर हंडा आटला नव्हता.

त्या दुपारी सगळे जेवले तरी हरबाशेट चुलाणापाशी बसून होते. ते उठून महाराजांच्या पायांवर पडायला गेले, तर महाराजांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "शेट, तुमच्या अन्नाने गाव जगले, हे मी विसरलो नाही. पण आज तुम्हीही कालपासून उपाशी आहात. तिथे एक पान रिकामे आहे."

ते पान पंगतीच्या शेवटाला होते. शेट तिथे जाऊन बसले. वाढणारे एकमेकांकडे बघू लागले, शेटला वाढायचे कसे ते कोणाला सुचेना. शेवटी राऊने पळी घेतली. पानात पेज घातली आणि म्हणाला, "घ्या शेट. जोंधळ्याची हाय."

हरबाशेटनी पानाला हात लावला नाही. आधी राऊच्या पायांवर डोके ठेवले, मग दोन माणसे ओलांडून गेले आणि साळूबाईपुढे मातीला कपाळ लावले. परत येऊन पानावर बसले, तेव्हा पेज गार झाली होती. ती त्यांनी सगळी खाल्ली.

आपल्यापैकी ज्याच्या हाती देणे आहे त्याला महाराज बोलण्याची बुद्धी देवोत, आणि ज्याच्यावर घेण्याची वेळ येईल त्याची मान ताठ ठेवोत.